मुंबईत रानफुलांची रोपं बियांपासून: बी कुठून आणायची, कधी पेरायची

रानोमाळ

मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी आमची एक छोटी रोपवाटिका आहे. शाळांना आणि सोसायट्यांना इथल्या मातीतल्या फुलझाडांची रोपं मिळावीत म्हणून चालवतो. मे महिना लागला की एक प्रश्न हमखास येतो: "रानफुलांच्या बियांचं पाकीट ऑनलाइन मागवलंय, कधी पेरू?" पाकीट उघडलं की आत बहुतेक वेळा कॉसमॉस, झिनिया, गेलार्डिया, झेंडू. सगळी अमेरिका खंडातून आलेली. कुंडीत लावायला माझी हरकत नाही, फुलं देखणीच आहेत. पण केशरी कॉसमॉस घाटरस्त्यांच्या कडेने पसरत चाललाय, लोक त्याच्यासमोर उभं राहून "सोनकी, सोनकी" म्हणून फोटो काढतात. आपल्या सड्यांवर, बांधांवर जे खरोखर उगवत होतं ते ओळखीतूनच जायला लागलंय. मला याचं मनापासून वाईट वाटतं, म्हणून हा धागा काढतोय.

मुद्दा सरळ आहे. आपल्या भागातली रानफुलं हवी असतील तर बी दुकानात मिळत नाही. ती आपणच, आपल्याच भागातून, दसऱ्यापासून पुढच्या दोन-तीन महिन्यांत गोळा करायची. मग तिला इथला उन्हाळा सोसू द्यायचा आणि पावसाच्या तोंडावर पेरायची. बाकी सगळं तपशील.

सुरुवातीला कुठली घ्यावीत? रानतेरडा, रानभेंडी, खुळखुळा, कोरांटी, कवळा आणि ओलसर जागा असेल तर कोळशिंदा. ही सगळी मुंबईच्या आसपास, समुद्रसपाटीजवळ उगवणारी आहेत. कासच्या पठारावरची फुलं मुंबईत करू नका. ते पठार सुमारे १२०० मीटर उंचीवर, तिथलं धुकं आणि तिथला कातळ आपल्याकडे नाही. शिवाय ते संरक्षित आहे, तिथून बी आणायचीच नसते.

गोळा करताना एक नियम आम्ही कसोशीने पाळतो. लंडनच्या क्यू उद्यानाच्या बीजपेढीचा दंडक असा आहे की त्या दिवशी पिकून तयार असलेल्या बियांपैकी २० टक्क्यांहून जास्त घेऊ नयेत. आम्ही त्याहून कमीच घेतो, आणि एका झाडावरून सगळी न घेता बऱ्याच झाडांवरून थोडी थोडी. त्याने रोपांत विविधता येते आणि मूळ जागाही ओसाड होत नाही.

बोंड किंवा शेंग तपकिरी झाल्याशिवाय तोडू नका. तेरड्याचं मात्र उलट. तो वाळायची वाट बघत नाही, फिकट हिरवा असतानाच बोटाचा स्पर्श झाला की फुटून बिया दूर फेकतो. त्यासाठी फुगायला लागलेल्या बोंडांवर मलमलीच्या छोट्या पिशव्या बांधून ठेवतो. दोन दिवसांनी पिशवी काढली की बिया आत.

घरी आणल्यावर सावलीत, पंख्याखाली, वर्तमानपत्रावर पसरून वाळवायच्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीच नाही. आपल्या हवेतल्या दमटपणाने बुरशी धरते. मग कागदी पाकीट, त्यावर झाडाचं नाव, जागा आणि तारीख, आणि ती पाकिटं सिलिका जेल घातलेल्या घट्ट झाकणाच्या बरणीत.

परळची गच्ची

फार छान विषय! माझा प्रश्न: मी कवळ्याच्या बिया नोव्हेंबरमध्ये गावाहून, मुरबाडजवळच्या आमच्या बांधावरून आणल्या आणि लगेच पेरल्या. चांगलं गांडूळखत घातलं, रोज पाणी. जानेवारीपर्यंत एकही कोंब नाही. बी खराब होती का?

रानोमाळ

बी बहुधा उत्तम होती, ताई. कवळा हा शेंगवर्गातला. त्याच्या बीचं कवच इतकं कडक असतं की पाणी आत शिरतच नाही. ते मुद्दामच तसं आहे. परतीच्या पावसाच्या ओलीवर नोव्हेंबरात कोंब आला असता तर पुढच्या कोरड्या महिन्यांत रोप मेलं असतं. एप्रिल-मेच्या दुपारची तापलेली माती आणि रात्रीचा गारवा, या रोजच्या फरकाने ते कवच हळूहळू सैल होतं, मग जूनमधलं पाणी आत जातं.

म्हणून आमच्याकडे शेंगवर्गाच्या बियांची पाकिटं फ्रिजमध्ये जात नाहीत. ती एप्रिलपासून उन्हाच्या खिडकीत असतात. घाई असेल तर बी पॉलिशपेपरवर हलकी घासायची, कवचाची चकाकी जाईल एवढीच, आतला पांढरा भाग दिसू द्यायचा नाही. मग कढत पाण्यात टाकायची. उकळतं पाणी नको, बोट क्षणभरही ठेववणार नाही एवढं गरम पुरे. रात्रभर तशीच ठेवून द्यायची. सकाळी फुगलेल्या बिया पेरायच्या, न फुगलेल्या परत घासायच्या. खुळखुळ्याला हेच. जुहू-गोराईच्या वाळूत दिसणाऱ्या मर्यादवेलीच्या बीला तर कानसच लागते, समुद्राच्या पाण्यावर तरंगत जायचं म्हणून तिचं कवच अजून जाड.

आणि तुमच्या कुंडीतली माती फेकू नका. त्यातल्या काही बिया या जूनमध्ये उगवतील.

भायखळा_ईस्ट

गांडूळखताबद्दलही सांगा ना. तुमच्याकडे मिश्रण काय असतं? आमच्या नर्सरीवाल्याकडे सगळ्याला एकच, लाल माती आणि शेणखत अर्धं अर्धं.

रानोमाळ

रानफुलांना ते फार जड जेवण होतं. यातली बरीचशी हलक्या, निकृष्ट मातीत वाढणारी आहेत. नत्र जास्त झालं की पाला माजतो, खोड लुसलुशीत होऊन आडवं पडतं आणि फूल उशिरा येतं. आम्ही दोन भाग चाळलेली लाल माती, एक भाग जाडसर वाळू, एक भाग धुतलेलं कोकोपीट घेतो आणि खत फक्त मूठभर, तेही पूर्ण कुजलेलं. कोकोपीट धुणं महत्त्वाचं, कारण त्यात क्षार असतात. दोन-तीनदा पाण्यात भिजवून पिळून काढायचं.

मोठ्या बियांना प्रोट्रे, म्हणजे छोट्या खणांचे ट्रे, चालतात. बारीक बियांना पसरट ट्रे बरा: बी कोरड्या बारीक वाळूत मिसळून भुरभुरायची आणि वर माती टाकायचीच नाही, फक्त फळीने हलकं दाबायचं. बाकीच्यांना बीच्या जाडीच्या दुप्पट माती, त्याहून जास्त नको. पाणी वरून झारीने न देता ट्रे पाण्याच्या परातीत ठेवून खालून शोषू द्यावं.

वसईचा पाणथळ

पेरणी पावसाआधी की नंतर? आमच्याकडे गेल्या वर्षी पहिल्या सरींनंतर उघडीप पडली.

रानोमाळ

मुंबईत पाऊस साधारण ११ जूनच्या आसपास स्थिरावतो असं हवामान खातं धरतं, पण मृगाच्या सरींवर भरवसा ठेवून उघड्यावर पेरणं धोक्याचं. रोपवाटिकेचा फायदा हाच. जूनच्या पहिल्या आठवड्यात ट्रेमध्ये पेरायचं, छपराखाली. पाऊस आला नाही तर पाणी आपल्या हातात. पाऊस धो धो आला तरी आपल्या हातात.

कारण मुंबईत रोपं मरतात ती कोरड्याने कमी आणि पाण्याने जास्त. इथे चार महिन्यांत २००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मोठे थेंब थेट ट्रेवर पडले की बारीक बिया वाहून जातात आणि नुकती आलेली दोन पानं मातीत गाडली जातात. नुसती हिरवी जाळी पुरत नाही, तिच्यातून पाणी ठिबकतं. वर पारदर्शक पत्रा किंवा जाड प्लॅस्टिक, बाजूंनी मोकळं. बाजूंनी बंद केलं की वारा थांबतो आणि रोपं मातीलगत काळी पडून कोलमडतात. हा मर रोग एकदा शिरला की दोन दिवसांत ट्रे साफ. विरळ पेरणी, वारा आणि खालून पाणी, एवढ्याने बराचसा टळतो. आम्ही मातीत ट्रायकोडर्मा ही रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशीही मिसळतो.

पाचगल्ली

गोगलगाई! तो मुद्दा राहिला. आमच्या कॉलनीत जुलैत मूठभर आकाराच्या आफ्रिकन गोगलगाई भिंतीवर चढतात, एका रात्रीत रोपांचा फन्ना.

रानोमाळ

बरोबर, मुंबईच्या पावसाळ्यात त्यांच्याएवढं नुकसान दुसरं कुणी करत नाही. रात्री टॉर्च घेऊन वेचणं हाच खात्रीचा उपाय. हातमोजे घालूनच, नुसत्या हाताने नको, त्यांच्यात माणसाला अपाय करणारे जंत असू शकतात. मुलांना या कामाला लावू नका. ट्रे जमिनीवर न ठेवता लोखंडी मांडणीवर ठेवायचे, मांडणीचे पाय साबणाच्या पाण्याच्या वाट्यांत. मुंग्याही अडतात, आणि त्या बिया पळवण्यात पटाईत. साधं पाणी ठेवू नका, डास होतील आणि पालिकेची नोटीस येईल ती वेगळी.

डोंगरवाट

मी वेगळं मत मांडतो, रागावू नका. इतका खटाटोप कशाला? जमीन मोकळी सोडा, पाऊस पडला की जे उगवायचं ते उगवतं. मातीत बिया असतातच. रोपवाटिकेत वाढवून लावलेली रानफुलं ही शेवटी बागच झाली.

रानोमाळ

दादा, तुमच्या म्हणण्याशी मी निम्मा सहमत आहे. जिथे जुनी माती शिल्लक आहे, आरे, येऊरचा पायथा, खारघरच्या टेकड्या, कोकणातल्या गावांचे बांध, तिथे काही लावू नये, फक्त गवत वेळेआधी कापू नये. तिथे रोप नेऊन लावणं म्हणजे उलट लुडबुड.

पण दादर-अंधेरीच्या सोसायटीच्या आवारात काय आहे? पेव्हर ब्लॉक, त्याखाली बांधकामाचा राडारोडा, वर ट्रकने आणून टाकलेली लाल माती. त्या मातीतून उगवतं गाजर गवत, एकदांडी आणि घाणेरी. तिन्ही बाहेरून आलेली. रानतेरड्याची बी तिथे पन्नास वर्षांत पडलेली नाही, उगवणार कुठून? आजूबाजूला मूळ झाडच नसेल तर वारा आणि पक्षी तरी काय आणणार. अशा जागी पहिली पिढी आपल्यालाच हातात धरून आणावी लागते. ती रुजून बी पडली की पुढचं ती बघून घेतात, आम्ही दिलेल्या काही आवारांत तेरडा आता आपापला येतो.

डोंगरवाट

हे पटलं. आवारापुरतं ठीक. पण तोच बागेतला गुलाबासारखा दुहेरी तेरडा शेजारी असेल तर?

रानोमाळ

फार महत्त्वाचं विचारलंत. बागेतला दुहेरी तेरडा आणि रानतेरडा ही एकच जात, इम्पेशन्स बाल्समिना. मधमाश्या दोन्हींवर जातात, संकर होतो, आणि दोन-तीन पिढ्यांत रानातल्या झाडाचा मूळ साधेपणा जातो. बी राखायची असेल तर दुहेरी तेरडा त्या आवारात नकोच. जंगलाच्या कडेला राहणाऱ्यांनी तर अजिबात लावू नये.

मोगऱ्याची वेणी

गौरीला आम्ही दर वर्षी बाजारातून तेरडा आणतो, मुळासकट उपटलेला. घरीच झाला तर किती बरं! जूनमध्ये कुंडीत लावलेला, भरपूर वाढला, पण गौरी आल्या तरी कळी नाही. कुंडी गॅलरीत आहे, समोर सोसायटीचा मोठा एलईडी दिवा रात्रभर चालू असतो.

रानोमाळ

ताई, दिवा हे कारण असू शकतं. तेरडा रात्र लांबायला लागली की कळ्या धरतो, वनस्पतिशास्त्रात त्याच्यावर याच गोष्टीसाठी पुष्कळ अभ्यास झालाय. रात्रभर प्रखर उजेड पडला तर झाडाला रात्र झालीच नाही असं होतं. जुलैच्या मध्यापासून कुंडी मागच्या बाजूला, अंधारात हलवून बघा. दुसरं, खत थांबवा.

याच गुणामुळे नोव्हेंबरात पेरलेला तेरडा वीतभर असतानाच फुलून मोकळा होतो. जूनमध्ये पेरला की वाढायला पुरेसे लांब दिवस मिळतात.

आणि गौरी उठल्यावर ती झाडं निर्माल्यात टाकायच्या आधी खाली पिकलेली बोंडं आहेत का पाहा. बाजारातला तेरडा बहुतेक डोंगरातूनच उपटून आलेला असतो. ती बी कुंडीत ठेवलीत तर पुढच्या वर्षी एक जुडी कमी उपटली जाईल.

ठाणे_पश्चिम

येऊरच्या रस्त्याकडेला आणि बोरिवलीच्या नॅशनल पार्कात पुष्कळ बी पडलेली असते. ती आणली तर चालेल ना? तशीही वायाच जाते.

रानोमाळ

नाही. राष्ट्रीय उद्यानातून पान, फूल, बी, काहीही उचलायला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे बंदी आहे, आणि येऊर त्याच उद्यानाचा भाग आहे. वायाही जात नाही. ती तिथली पुढच्या वर्षाची पेरणी आहे. बी घ्यायची ती खासगी जमिनीवरून, मालकाला विचारून. मुंबईकरांचं बहुतेकांचं गाव असतंच: पालघर, रायगड, मुरबाड, शहापूर. दिवाळीला गावी जाताना कागदी पाकिटं बरोबर ठेवा, बांधावर सगळं मिळतं.

फर्नांडिस वाडी

कळलावी, कारवी, जमिनीवरची ऑर्किडं, सीतेची आसवं, यांची रोपं मिळतील का तुमच्याकडे?

रानोमाळ

चौघांची चार वेगळी उत्तरं.

कळलावीची बी उगवते, पण लहरीने, कधी काही आठवड्यांनी तर कधी काही महिन्यांनी, आणि फूल यायला तीन-चार वर्षं. तोवर जमिनीखाली कंद जोपासावा लागतो, पावसाळा संपला की वरचा भाग सुकतो आणि लोक मेलं म्हणून कुंडी रिकामी करतात. मुख्य म्हणजे तिचा प्रत्येक भाग विषारी आहे, कंद सर्वांत जास्त. लहान मुलं असलेल्या घरी आम्ही देत नाही.

कारवी बियांपासून होते, पण बीच सात-आठ वर्षांनी मिळते. नॅशनल पार्कातली कारवी २००८ला आणि २०१६ला फुलली होती. झाड फुलतं, बोंडं वाळून फुटतात आणि मग ते मरतं. शिवाय कारवीचं सगळं वैभव डोंगरउतार एकदम जांभळा होण्यात. कुंडीतली एकटी कारवी मी तरी लावणार नाही.

ऑर्किडांची बी धुळीइतकी बारीक, तिच्यात अन्नसाठा नसतो. मातीतल्या विशिष्ट बुरशीने पोसलं तरच ती रुजते. साध्या रोपवाटिकेत ते शक्य नाही, आणि कंद उपटून आणणं म्हणजे निव्वळ नासधूस. सीतेची आसवं कातळावरच्या पाझरत्या पाण्यात, किडे पकडून जगतात. दुधाळी हे रानफूल गवताच्या मुळांतून रस घेतं. असली फुलं जिथे आहेत तिथेच जाऊन, गुडघे टेकून बघावीत. कंदीलपुष्पाचंही तेच. त्याच्या दुर्मिळ जातींवर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात वर्षानुवर्षं संवर्धनाचं काम झालंय, ते काम त्या जाणकारांनीच करावं.

बटवा

सफेद मुसळी बियांपासून होते का? आमच्या आजोबांकडे असायची.

रानोमाळ

होते, पण बियांची उगवण फार कमी, म्हणून लोक मुळांचे गड्डे फोडूनच लावतात. मुंबईकरांनी तिचा अभिमान बाळगावा. तिच्या शास्त्रीय नावातच बोरिवली आहे, क्लोरोफायटम बोरिविलिएनम. झेवियर कॉलेजातले फादर सांतापाव आणि त्यांचे सहकारी फर्नांडिस यांनी तिचं वर्णन केलं. आता औषधासाठी इतकी खणली जाते की रानात शोधावी लागते.

भायखळा_ईस्ट

ओळख पटवायला कुठे जायचं? ॲप वापरतो, पण ते कधी काहीही सांगतं.

रानोमाळ

फूल, पान, फळ आणि अख्खं झाड असे चार फोटो काढून इथे टाका, मंडळी सांगतील. खरंच अवघड असेल तर झेवियर कॉलेजात ब्लॅटर हर्बेरियम आहे, पश्चिम भारतातल्या वनस्पतींचे जुने नमुने तिथे जपलेले आहेत. माहीमचं निसर्ग उद्यानही एकदा बघून या. ते कचऱ्याच्या डेपोवर उभं राहिलंय. राडारोड्यात काही उगवत नाही म्हणणाऱ्या सेक्रेटरींना मी तिथेच पाठवतो.

पाचगल्ली

सेक्रेटरींवरून आठवलं. आमच्याकडे गणपतीच्या आधी सगळं गवत कापतात. मी रानभेंडी लावली होती, पिवळं धमक फूल, मध्ये गडद डोळा, तीही गेली. साप येतील, डास होतील म्हणतात.

रानोमाळ

अगदी हेच सगळीकडे. भादव्यात कापलं की बी तयार व्हायच्या आधीच झाड संपतं, पुढच्या वर्षी शून्य. तिथे वाद घालण्यापेक्षा दोन गोष्टी करा. एक, सगळं आवार मागू नका. कुंपणालगतची एकच पट्टी मागा आणि तिची कड नीट कापून ठेवा, विटांची ओळ लावा. कड नीटनेटकी दिसली की आतलं मुद्दाम लावलेलं आहे हे लोकांना कळतं. दोन, कापणी डिसेंबरवर न्या आणि कापलेलं गवत लगेच उचलू नका, दोन दिवस तिथेच झटकून पडू द्या, म्हणजे बी खाली राहते. डास साचलेल्या पाण्यात होतात, फुलांत नाही. हे पालिकेची पत्रकंही सांगतात, तेच सेक्रेटरींना दाखवा.

आणि पट्टीत खुळखुळा नक्की लावा. ब्लू टायगर, प्लेन टायगर फुलपाखरांचे नर त्याच्या वाळक्या, फाटक्या भागांवर रस घ्यायला थव्याने येतात. कोरांटीवर लेमन पॅन्सी अंडी घालते, कोळशिंद्यावर पीकॉक पॅन्सी. फुलपाखरं आली की सोसायटीतली मुलं येतात, आणि मुलं यायला लागली की गवत कापायला कुणी माळ्याला पाठवत नाही. फक्त खुळखुळ्याच्या शेंगा खायच्या नसतात, हे मुलांना आधी सांगा.

परळची गच्ची

कोळशिंद्याची बी माझ्याकडे आहे, पण भिजवली तर चिकट गोळाच झाला. आता काय करू?

रानोमाळ

ती भिजवायचीच नसते, ताई. पाणी लागलं की तिच्याभोवती बुळबुळीत थर येतो, त्याने ती रानात ओल्या चिखलाला चिकटून बसते. कोरडी असतानाच ट्रेवर टाका, मग खालून पाणी द्या. जो गोळा झालाय तो मूठभर कोरड्या वाळूत चोळा, बिया सुट्या होतील, त्या आजच पेरा. कुंडीखाली ताटली ठेवून कायम ओल राहू द्या, याला पाण्याचा त्रास होत नाही. ताटलीतलं पाणी मात्र दर दोन दिवसांनी ओतून बदला.